घरचं आरोग्य : औषध गुडघ्यात मुरतं का?

मैत्रिणींनो, दिवाळीनंतर सासूबाई आमच्याकडे जालन्याला आल्या, त्या एस.टी.च्या पायऱ्या उलट्या उतरत. तोंड गाडीकडे, पाठ आमच्याकडे, दोन्ही हातांनी दांडा धरलेला. कंडक्टरने खालून पिशवी घेतली आणि म्हणाला, "सावकाश आजी, घाई नाही." मी मात्र मनातल्या मनात चरकले. याच बाई पाच वर्षांपूर्वी दुसरबीडच्या शेतात दिवसभर बसून निंदण करत आणि संध्याकाळी आम्हा दोघी सुनांच्या आधी चुलीशी हजर असत.

सोयाबीनची सोंगणी, मळणी सगळं उरकून त्या आल्या होत्या. कनवटीला सोयाबीनचे पैसे होते आणि गुडघ्याचं काय ते एकदाचं करून टाकायचं असं मनाशी ठरवलेलं होतं. दुसऱ्याच दिवशी डॉक्टरांकडे नेलं. एक्स-रे निघाला. "हाडांमधली फट कमी झाली आहे, झीज आहे," डॉक्टर म्हणाले, वजन कमी करा म्हणाले आणि फिजिओथेरपीची चिठ्ठी दिली. चिठ्ठी घेऊन ज्या दवाखान्यात गेलो तिथे भिंतीवर मोठा तक्ता : ध्वनिलहरींच्या साहाय्याने औषध थेट सांध्याच्या गादीत. दहा बैठका, सहा हजार रुपये, आगाऊ भरल्यास सवलत.

सासूबाईंनी कनवटीला हात घातला. मी तो धरला. म्हटलं, "आई, दोन दिवस थांबा. मी जरा वाचते, विचारते, मग भरू." त्यांना ते आवडलं नाही. पैसे त्यांचे, गुडघे त्यांचे, आणि सून मध्ये! तुम्हीही त्या जागी असता तर रागावला असता. पण त्या दोन दिवसांत (दोनाचे आठ झाले, खरं सांगते) जे हाती लागलं ते आज तुम्हाला सांगते आहे, कारण अशाच मजकुराची चार-पाच पत्रं या सदराकडेही आलेली आहेत. कुणाच्या आईचा गुडघा, कुणाचा स्वतःचाच.

आधी एक गैरसमज. "ध्वनिलहरी" म्हणजे काय हे सांगताना मी सोनोग्राफी हा शब्द काढला मात्र, सासूबाई ताठ बसल्या. "पोटुशी बाईचं यंत्र ते. माह्या गुडघ्याला काहून लावतात?" त्यांचं काही चुकलं नाही. आपल्याकडे सोनोग्राफी म्हटलं की गर्भारपण, आणि त्यापाठोपाठ ती नको ती तपासणी, हेच डोळ्यांसमोर येतं. जिजाऊंच्या सिंदखेड राजापासून हाकेच्या अंतरावर राहणाऱ्या आपणच ती लाज पाहिली आहे. गर्भलिंग तपासणीविरुद्ध महाराष्ट्राने १९८८ साली कायदा केला, देशाचा १९९४ साली झाला, आणि तेव्हापासून प्रत्येक सोनोग्राफी केंद्रात ती पाटी लावावी लागते. पण फिजिओथेरपीच्या यंत्रात चित्र दिसतच नाही. लहर तीच, कामं दोन. सोनोग्राफी लहर पाठवते आणि परत आलेला प्रतिध्वनी ऐकून चित्र काढते. फिजिओथेरपीवाली लहर नुसती पाठवायची, आत जाऊन तिने काम करायचं. विळीने भाजीही चिरतो आणि नारळही खवतो, तसंच.

आता ही लहर निघते कशातून? तुमच्या ओट्यावरचा गॅसचा लायटर घ्या. खटकन दाबला की ठिणगी पडते, ना सेल ना वायर. आत एक स्फटिकासारखा तुकडा असतो, त्यावर दाब पडला की वीज निर्माण होते. पिएर आणि जाक क्यूरी या दोन फ्रेंच भावांनी हा गुण १८८० साली दाखवला. (त्यातल्या पिएरची बायको म्हणजे आपली शाळेच्या पुस्तकातली मेरी क्यूरी.) याच्या उलटही होतं : त्या तुकड्याला वीज दिली की तो थरथरतो. फिजिओथेरपिस्टच्या हातातल्या त्या गोल मुठीत असाच तुकडा असतो आणि तो सेकंदाला दहा लाख किंवा तीस लाख वेळा थरथरतो. आपल्या कानाची मजल वीस हजारांपर्यंत. म्हणून काही ऐकू येत नाही, आणि "मशीन चालू आहे का हो?" असं प्रत्येकजण एकदा विचारतोच. दहा लाखवाली लहर अंगात खोल, तीन-पाच सेंटिमीटर जाते, तीस लाखवाली वरवरच विरते. गुडघ्याला बहुधा पहिली वापरतात.

आणि तो गार चिकट जेल? तो औषध असतोच असं नाही. हवा या लहरीला अडवते. कातडी आणि मूठ यांच्यामध्ये केसाएवढी हवा राहिली तरी लहर आत न जाता तिथूनच माघारी वळते. ती फट भरायला जेल. तक्त्यावरच्या उपचारात मात्र या जेलातच वेदनाशामक औषध कालवलेलं असतं, म्हणजे लहरीने ते आत ढकलायचं. १९५४ साली फेलिंगर आणि श्मिड यांनी हायड्रोकॉर्टिसोन हे औषध हाताच्या दुखऱ्या सांध्यांवर लावून वरून अशी लहर दिली आणि गुण आल्याचं छापलं. म्हणजे तक्त्यावर "अत्याधुनिक" लिहिलेली ही गोष्ट आमच्या लग्नाच्या कितीतरी आधीची आहे. जुनी म्हणून वाईट नव्हे, पण नवी म्हणून जास्त पैसे द्यायचंही कारण नाही.

आता मुख्य गोष्टीकडे येऊ. औषध जायचं कुठे? सांध्याच्या गादीत. तिला कूर्चा म्हणतात. मटण खाणाऱ्या घरांत ती सगळ्यांनी पाहिलेली आहे : नळीच्या टोकाशी असलेलं पांढरं, गुळगुळीत, चकाकतं आवरण. माणसाच्या गुडघ्यात ते साधारण दोन ते चार मिलिमीटर जाड असतं, वाटीच्या मागच्या बाजूला थोडं अधिक. शंभरातले सत्तर-ऐंशी भाग पाणीच. ते पाणी एका दाट जाळीत धरून ठेवलेलं असतं. आपण पाऊल टाकलं की थोडं पिळून बाहेर येतं, पाऊल उचललं की परत आत शोषलं जातं, भांडी घासायच्या स्पंजासारखं. आणि या कूर्चेला एकही रक्तवाहिनी नाही. शिराही नाही. तिचं अन्नपाणी त्या शोषण्या-पिळण्यातूनच, सांध्यातल्या वंगणामधून येतं. म्हणून तर ती झिजली की लवकर भरून येत नाही, आणि म्हणूनच बरीच झिजेपर्यंत दुखतसुद्धा नाही. दुखतं ते खालचं हाड आणि सांध्याचं आतलं अस्तर. दुखायला लागलं तेव्हा झीज सुरू झाली, असं आपल्याला वाटतं. तसं नसतं, आधी कितीतरी वर्षं ती गुपचूप चाललेली असते.

आता लोणचं आठवा. कैरीच्या फोडी चिरून मीठ-मसाला लावला की लगेच काही मुरत नाहीत. खार फोडीच्या आत जायला दिवस लागतात. साल जाड असली तर आणखी. कूर्चेचं अगदी तसंच आहे. गोळी घेतली तर औषध आधी रक्तात, रक्तातून सांध्याच्या अस्तरात, अस्तरातून वंगणात, आणि वंगणातून मुरत मुरत कूर्चेत. प्रत्येक उंबरठ्यावर थोडं कमी होत जातं. सांध्यात सुई देऊन औषध सरळ वंगणात सोडलं तरी आणखी एक पंचाईत. सांध्याचं अस्तर हे वंगण सारखं बदलत असतं. लहान कणांचं औषध काही तासांतच तिथून निघून जातं. म्हणजे बरणीत खार घातला आणि कुणीतरी दर तीन-चार तासांनी तो ओतून देतंय! फोड मुरणार कधी?

आणि मुरायला जाळीही साधी नाही. कूर्चेच्या जाळीला ऋण विद्युतभार असतो. धन भाराचे कण तिच्याकडे ओढले जातात, ऋण भाराचे दूर लोटले जातात, आणि आकाराने मोठे कण जाळीत शिरतच नाहीत. यावर अमेरिकेत बॉस्टनकडे अॅलन ग्रॉड्झिन्स्की आणि अंबिका बाजपेयी यांनी केलेलं काम वाचताना मला भारी गंमत वाटली. त्यांनी अॅव्हिडिन नावाचं एक प्रथिन घेतलं, जे अंड्याच्या पांढऱ्यात असतं. त्याच्यावर धन भार आहे आणि आकारही बेताचा आहे. प्रयोगात ते कूर्चेत सरसर शिरलं आणि आत टिकून राहिलं. या अॅव्हिडिनच्या पाठीवर औषध बांधून आत पाठवता येईल का, हा त्यांचा प्रयत्न. २०१४ साली हे प्रसिद्ध झालं. (नाही मैत्रिणींनो, गुडघ्याला अंडं फोडून लावू नका. आमच्या शेजारच्या वहिनींनी ऐकताक्षणी तेच विचारलं.)

ध्वनिलहरीचं काम इथे येतं. मुरायला ठेवलेली बरणी आपण रोज एकदा हलवतो ना, तसं. लहर जाते तेव्हा पाण्याच्या कणांना पुढे लोटते, जाळी क्षणात दबते, क्षणात सुटते, थोडी ऊबही येते. यामुळे औषध वेगाने आत शिरेल का, हा प्रश्न फिनलंडमध्ये हेलसिंकी विद्यापीठातल्या हेक्की निएमिनेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घेतला. प्रयोगशाळेत कूर्चेचे तुकडे ठेवले, वर औषधाच्या जागी दुसरा एक पदार्थ ठेवला आणि जोरदार ध्वनिलहर दिली, सेकंदाला सुमारे अकरा लाख कंपनांची, थांबून थांबून. तो पदार्थ कूर्चेच्या जाडीच्या ५३ टक्के खोलीपर्यंत, म्हणजे निम्म्याहून थोडा अधिक आत पोचला, आणि सूक्ष्मदर्शकाखाली कूर्चेला इजा झालेली दिसली नाही. २०१५ साली हे छापून आलं. सुरुवातीची झीज कूर्चेच्या वरच्या थरातच असते, तेव्हा निम्म्यापर्यंत पोचलं तरी कामाचं.

हे वाचून मी हरखले. म्हटलं, झालं, भरू सहा हजार. पण मग पुन्हा एकदा नीट वाचलं. तिथे कूर्चा उघडी होती, औषध तिला टेकलेलं होतं आणि लहर दवाखान्यातल्या नेहमीच्या लहरीहून निराळी, नेमून एका ठिकाणी दिलेली होती. माझ्या सासूबाईंचा गुडघा काही उघडा नाही. जेलातलं औषध कातडीतून जायचं, खालच्या चरबीतून जायचं, सांध्याच्या पिशवीतून जायचं, आणि वाटेत ठिकठिकाणी रक्तवाहिन्या त्याला उचलून दुसरीकडे घेऊन जाणार. शिवाय कूर्चेचा बराच भाग वाटीच्या आड आणि हाडांच्या बेचक्यात लपलेला, तिथे लहरच नीट पोचत नाही, कारण हाड तिला अडवतं. थोडक्यात, उघड्या फोडीवर जे झालं ते अख्ख्या, न चिरलेल्या कैरीवर होईल असं कुणी धरून चालू नये. संशोधकांचा पुढचा विचार आहे तो असा की औषध सुईने आत सोडायचं आणि मग बाहेरून लहर देऊन ते कूर्चेत मुरवायचं. तो रस्ता मला पटतो. पण आपल्या गावातल्या दवाखान्यात आज मिळणारी गोष्ट ती नव्हे.

मग नुसत्या लहरीचा, औषध असो नसो, दुखण्याला उपयोग होतो का? यावरही दोन्ही तऱ्हेचं बोललं जातं. २०१० साली जगभरचे प्रयोग एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन मंडळींनी गुडघ्यावरचे पाच लहान प्रयोग पाहिले, मिळून ३४१ रुग्ण. त्यांचं म्हणणं, दुखणं कमी होत असावं, पण प्रयोग इतके लहान आणि कच्चे की खात्री देता येत नाही. २०२२ साली इंग्लंडच्या सरकारी सल्लागार संस्थेने, तिला नाइस म्हणतात, तर सांध्यांच्या झिजेला ही लहर देऊ नका असंच सांगितलं, कारण उपयोगाचा पुरेसा पुरावा नाही. व्यायाम आणि वजन यांच्यावर मात्र त्याच संस्थेचा सगळा भर आहे.

हे सगळं घेऊन मी पुन्हा त्या दवाखान्यात गेले, या वेळी सासूबाईंना घेऊन. तक्ता लावणारे साहेब नव्हते. तिथली तरुण फिजिओथेरपिस्ट मुलगी होती. तिला सरळ विचारलं, "बाळ, औषध गादीत जातं का गं?" तिने इकडेतिकडे पाहिलं आणि म्हणाली, "काकू, गादीत जातं असं मी नाही सांगणार. भोवतालचं स्नायूंचं दुखणं ऊब मिळून हलकं होतं, मग व्यायाम करून घेता येतो. माझा खरा भर व्यायामावर." मला ती मुलगी इतकी आवडली! दहाच्या ऐवजी चारच बैठका घेतल्या, पैसे त्या-त्या दिवशी दिले, आणि प्रत्येक वेळी निम्मा वेळ व्यायाम शिकण्यात गेला.

एक मात्र कबूल करते. सासूबाईंना ती बैठक फार आवडली. जेल लावून हळूहळू मूठ फिरवत ती मुलगी बोलत बसायची, दुखतं का, इथे बरं वाटतं का. घरी आल्यावर म्हणाल्या, "पोरीचा हात लई मऊ हाय." आम्ही दोघी सुना, मुलगे, सगळे असताना त्यांच्या गुडघ्याला कुणी कधी हात लावला होता? बाम लावायचा तर त्या स्वतःच लावून घेत, तोही रात्री दिवा मालवल्यावर. तेव्हापासून मीच जेल चोळून देते. पाच मिनिटं लागतात.

लहर घ्यायचीच असेल तर काही गोष्टी आधी सांगून टाका. पेसमेकर बसवला असेल, गुडघा बदललेला असेल, कर्करोग झालेला असेल, पायात रक्ताची गुठळी झालेली असेल, तर सांगाच. गर्भारपणी पोटावर, कमरेवर ही लहर घेत नाहीत. साखरेमुळे पाय बधिर झालेला असेल तर विशेष सांभाळा, कारण चटका बसलेला कळतच नाही. मूठ सारखी फिरती हवी, एका जागी थांबली तर आत हाडाच्या आवरणाला चटका बसतो. खोलवर तीव्र कळ आली तर लाजू नका, लगेच "थांबा" म्हणा. आपण बायका सोसत राहतो आणि वर "नाही, ठीक आहे" म्हणतो. आणि जेलाऐवजी कुणी घट्ट पांढरं मलम लावून वरून लहर देत असेल तर ते मलम लहरीला बरंचसं अडवतं हेही १९९२ साली मोजून दाखवलेलं आहे. स्वच्छ, पाण्यासारखं दिसणारं जेल बरं.

आता जे लिहायला मला थोडं जड जातंय ते. सासूबाईंची पिशवी आवरताना कागदाच्या पुड्या सापडल्या. पांढरी भुकटी, नाव नाही, गाव नाही. "बाजारातल्या एका माणसाची. देशी औषध. घेतली की दुसऱ्या दिवशी पाय मोकळे." किती दिवसांपासून? तर सात-आठ महिने. आणि मग माझ्या लक्षात आलं, चेहरा भरल्यासारखा का दिसत होता. मी भोळी, मला वाटलं तब्येत सुधारली! डॉक्टरांना पुड्या दाखवल्या तेव्हा ते गंभीर झाले. अशा पुड्यांत पुष्कळदा स्टेरॉइड मिसळलेलं असतं. त्यानेच दुखणं जादूसारखं थांबतं, त्यानेच तोंड सुजतं, साखर आणि रक्तदाब वाढतो, हाडं पोकळ होतात. आमच्या बाईंची साखर वाढलेलीच निघाली. मी रागाने पुड्या कचऱ्यात टाकायला निघाले होते, तर डॉक्टरांनी अडवलं. महिनोन्महिने घेतलेलं स्टेरॉइड एकदम तोडलं तर जिवावर बेतू शकतं, ते डॉक्टरांच्या हाताखाली हळूहळू कमी करावं लागतं. हे प्रत्येकीने ध्यानात ठेवा. घरातल्या म्हाताऱ्या माणसाच्या पिशवीत एकदा डोकवा, आणि सापडलं तर ओरडू नका. ओरडलं की पुढची पुडी अधिक खोल लपते.

दुकानातून नाव असलेली वेदनाशामक गोळी आणली म्हणजे सगळं आलबेल असंही नाही. डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्या रोज रोज घेतल्या तर पोटात जखम होते, मूत्रपिंडावर ताण येतो, रक्तदाबाच्या गोळ्यांशी त्यांचं पटत नाही. ही तीच डायक्लोफिनॅक, जी गुरांना टोचली जायची आणि मेलेलं जनावर खाऊन गिधाडं मरायची. २००६ साली गुरांसाठी तिच्यावर बंदी आली. माणसाला ती विष नाही, पण चण्याफुटाण्यासारखी खायचीही वस्तू नव्हे. याच औषधाचं जेल गुडघ्यावर नेमाने चोळलं तर गोळीच्या मानाने रक्तात फार थोडं उतरतं, आणि गुडघ्याच्या दुखण्याला त्याचा उपयोग होतो हे बऱ्यापैकी सिद्ध आहे. यंत्राशिवाय, नुसत्या हाताने चोळून. सहा हजारांच्या तक्त्याने मला एवढं तरी शिकवलं.

सांध्यात स्टेरॉइडची सुई देतात तिचं विचाराल. फार सूज, फार ठणका असताना एखादी सुई आराम देते. पण नेम लावू नये. अमेरिकेत १४० रुग्णांना दोन वर्षं दर तीन महिन्यांनी एकतर स्टेरॉइड नाहीतर नुसतं मिठाचं पाणी टोचून पाहिलं, २०१७ साली निकाल आला : दुखण्यात फरक नाही, आणि स्टेरॉइडवाल्यांची कूर्चा जास्त झिजली. ग्लुकोसामाइनच्या महागड्या गोळ्यांचंही २००६ सालच्या मोठ्या चाचणीत, एकूण रुग्ण धरले तर, खोट्या गोळीपेक्षा सरस काही निघालं नाही.

तर मग करायचं काय? आमच्याकडे जे केलं ते सांगते. पहिलं म्हणजे वजन. अमेरिकेत गुडघ्याच्या रुग्णांना चालवून मोजलं तर वजन एक किलोने कमी झालं की प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार चार किलोंनी कमी होतो असं निघालं. दिवसात पावलं किती, तुम्हीच हिशेब करा. सासूबाईंचा चहा साखरेचा, दिवसातून सहा वेळा. तो तीनवर आला, भांडून. भाकरी तीच, पण रात्रीचा भात गेला.

दुसरं, मांडीचे स्नायू. गुडघ्याचा खरा आधार मांडी आहे, ती अशक्त झाली की सगळा धक्का सांध्यावर. खुर्चीवर ताठ बसायचं, एक पाय समोर सरळ उचलायचा, पाऊल आपल्याकडे ओढून दहा आकडे मोजायचे, सावकाश खाली. एकेका पायाने दहा वेळा, सकाळ-संध्याकाळ. दुसरा व्यायाम झोपून : गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवायची आणि गुडघ्याने ती खाली दाबायची, पुन्हा दहा आकडे. पहिले आठ-दहा दिवस मांडी दुखते. ते दुखणं वेगळं आणि गुडघ्याचं वेगळं हे कळायला लागतं. सहा-आठ आठवडे न चुकता केलं तर फरक दिसतो, त्याआधी "काही होत नाही" म्हणून सोडू नका. आणि चालणं बंद करू नका. आठवतं ना, कूर्चेचं जेवण पिळण्या-शोषण्यातून येतं. अंथरुणाला खिळलेल्या सांध्याची कूर्चा उपाशी राहते.

तिसरं बैठक. उकिडवं बसून धुणं, भांडी, निंदण, शौच, सगळं आपल्या बायकांच्या गुडघ्यावर. खेड्यात ओटा आला, गॅस आला, पण संडास अजून भारतीयच. आम्ही प्लॅस्टिकची, मध्ये भोक असलेली खुर्ची आणली, ती साध्या संडासावर ठेवता येते. सासूबाई आधी तिच्यावर बसायला तयार नव्हत्या, "माणसं काय म्हणतील," म्हणे. संडासात कोण माणसं येणार आहेत! आणि मैत्रिणींनो, ही सगळी उठाठेव सत्तरीसाठीच आहे असं समजू नका. पाळी गेल्यानंतर बायकांत हे दुखणं वाढतं. मी स्वतः ते पाय उचलायचे व्यायाम कुकरच्या शिट्ट्या मोजत करते.

गुडघा एकाएकी सुजून गरम झाला, ताप आला, पडल्यानंतर पाऊल टेकवेना, किंवा पोटरी सुजून दुखायला लागली, तर मात्र हे सदर बाजूला ठेवून त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.

सासूबाई संक्रांतीच्या आधीच परत गेल्या. बारा जानेवारीला जिजाऊ जयंतीची सिंदखेड राजाला गर्दी उसळते, त्या दिवसांत गाडीत पाय ठेवायला जागा नसते, म्हणून लवकर निघाल्या. पायऱ्या अजून दांडा धरूनच, पण सुलट्या चढल्या. पुड्या सुटल्या, डॉक्टरांनी दोन महिन्यांत हळूहळू सोडवल्या. दुखणं गेलेलं नाही. ते जाईल असं आम्हाला कुणी सांगितलंही नव्हतं. उरलेले पैसे त्यांनी परत कनवटीला लावले आणि मला त्यातला एक रुपया दाखवलासुद्धा नाही.

परवा जाऊबाईंचा फोन आला. आई त्यांनाही खुर्चीवर बसवून पाय उचलायला लावतात आणि स्वतः मोठ्याने आकडे मोजतात, आठ झाले की पुन्हा सहावर येतात. शेजारच्या दोघीजणी दुपारच्या येऊन बसायला लागल्या आहेत. त्यातल्या एकीला ती संडासातली खुर्ची हवी आहे, तेव्हा जालन्याला कितीला मिळाली आणि दोन घेतल्या तर कमी करतील का, ते विचारून ठेवायला सांगितलं आहे.